पाव, पान आणि कास्तेरा

मराठीत आपण ज्याला पाव म्हणतो त्याला जपानी माणूस ‘पान’ म्हणतो. आपला साबण तिकडे ‘शाबोन’ झाला, आणि आजही साबणाच्या फेसाला व बुडबुड्यांना जपानी मुले त्याच नावाने ओळखतात. वसईचा किल्ला आणि नागासाकीचे बंदर यांच्यामध्ये कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास होता. परंतु सोळाव्या शतकात दोन्ही ठिकाणी एकाच राज्याची गलबते लागत होती. त्यांतून तोफा उतरल्या, रेशीम उतरले, धर्मगुरू उतरले, आणि त्यांच्या मागोमाग काही शब्द व काही पदार्थ मुकाट्याने उतरून स्वयंपाकघरात शिरले. तोफा केव्हाच गंजल्या. पाव मात्र दोन्हीकडे टिकला.

हा विषय मनात येण्याचे कारण साधे आहे. अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत सोया सॉस, मिसो, तिळाचे तेल, समुद्रशेवाळाचे पापुद्रे अशा जिनसा दिसू लागल्या आहेत. तरुण मुलेमुली हौसेने जपानी व थाई पदार्थ घरी रांधतात, ताट नीट मांडतात, आणि जेवणापूर्वीची प्रार्थना होण्याआधीच त्याचे छायाचित्र काढतात. यावर वडीलधाऱ्यांची कुरकुर माझ्या कानावर येत असते: हे परके खाणे कशाला, आणि अन्नाचे फोटो काढण्याचे हे काय खूळ? प्रार्थना आधी व्हावी, एवढ्यापुरता मी वडीलधाऱ्यांच्या बाजूचा आहे. उरलेल्या दोन्ही प्रश्नांना इतिहास काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे.

पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. पाचच वर्षांनी, १५४८ च्या पेन्टेकॉस्ट सणाला, आंजिरो नावाच्या एका जपानी गृहस्थाचा गोव्यात स्नानसंस्कार झाला आणि त्याला ‘पावलो दे सांता फे’ हे नाव मिळाले. त्यालाच दुभाष्या म्हणून बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, कागोशिमाला उतरले. म्हणजे जपानच्या ख्रिस्तसभेची पहिली पायरी गोव्यात घडवली गेली, हे आपण सहसा लक्षात ठेवत नाही.

पुढे १५६९ साली लुईस फ्रॉइस हे येशूसंघीय धर्मगुरू जपानचा तत्कालीन बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्या भेटीस गेले. फ्रॉइस यांचे शिक्षण गोव्यातच झाले होते आणि १५६१ साली त्यांना गुरुदीक्षाही तेथेच मिळाली होती. त्यांनी नजराण्यात एक काचेची बाटली नेली. तिच्यात होते ‘कोन्फेइतो’, म्हणजे साखरेचे काटेरी दाणे. जपानमध्ये त्या काळी साखर औषधासारखी दुर्मिळ होती. पारदर्शक काचही तशीच. आज तोच पदार्थ तेथे ‘कोंपेइतो’ या नावाने मिळतो आणि शाही समारंभात पाहुण्यांना चांदीच्या लहानशा डबीत घालून देण्याची प्रथा आहे.

कोंपेइतो कसा करतात हे वाचताना मला हसू आले. तापलेल्या कढईत तीळ, खसखस किंवा साखरेचा कण असे काही बीज घ्यावयाचे, त्यावर पातळ पाक थोडा थोडा शिंपडावयाचा, सतत हलवीत राहावयाचे, आणि दिवसांमागून दिवस हे काम चालू ठेवले की दाण्याला काटे फुटतात. मकरसंक्रांतीला आपल्या शेजारच्या घरांतून येणारा काटेरी हलवा याहून निराळा नव्हे. मंद शेगडीवर परातीत तीळ घेऊन, हाताने पाक चढवीत बसणाऱ्या आजीबाईला क्योटोच्या कारागिराचे कसब समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. जपानी कारागीर यासाठी दोन आठवडे घेतो. नवसुनेच्या हलव्याच्या दागिन्यांसाठीही घाई करून चालत नाही.

पण सगळे इतके गोड नव्हते. मिशनऱ्यांच्या ताटावरून जपानमध्ये खरा संघर्ष झाला. बौद्ध परंपरेमुळे तेथे गाईबैलांचे मांस खाणे निंद्य मानले जाई. युरोपातून आलेले धर्मबंधू मात्र गोमांस खात, घराच्या आवारात डुकरे-बकऱ्या पाळीत, कातडी वाळत घालीत. १५७९ साली येशूसंघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानला आले, तेव्हा त्यांना दिसले की आपल्या माणसांच्या उपदेशापेक्षा त्यांच्या आवारातील वासच लोकांच्या अधिक ध्यानात राहतो. त्यांनी १५८१ मध्ये जी सूचनावली लिहिली, ती स्वयंपाकघरापर्यंत जाते. संघाच्या घरांत जपानी रीतीचे अन्न शिजवावे, डुकरे व बकऱ्या पाळू नयेत, प्रत्येक घरात चहाच्या विधीसाठी स्वतंत्र खोली असावी आणि पाहुण्याला रीतसर चहा द्यावा, असे त्यांनी घालून दिले. संघातील काहींना हे रुचले नाही. वयाच्या चाळिशीत भात, मुळ्याचे लोणचे आणि खारे सार यांवर जगण्याची सवय लावून घेणे हे लहान प्रायश्चित्त नव्हे! मला विचाराल तर, वालिन्यानोंनी उपदेशाच्या शंभर पोथ्या लिहिल्या असत्या तरी या एका निर्णयाची बरोबरी झाली नसती.

फ्रॉइस यांनी तर १५८५ साली युरोपीय आणि जपानी चालीरीतींची तुलना करणारे एक छोटे पुस्तकच लिहिले. आपण बोटांनी जेवतो, ते लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात. आपल्याला गोड प्रिय, त्यांना खारट, अशी शेकडो जोडवाक्ये त्यात आहेत. त्या काळी युरोपातही लोक हाताने जेवत होते, ही गोष्ट हाताने जेवण्याबद्दल संकोच करणाऱ्या आपल्या काही मंडळींनी ध्यानात घ्यावी.

तथापि वालिन्यानोंची समज सर्वांपर्यंत पोहोचली नाही. जुलै १५८७ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने येशूसंघाचे तेथील प्रमुख गास्पार कोएल्यो यांना रात्री निरोप धाडून काही प्रश्न विचारले. तुम्ही लोकांना सक्तीने ख्रिस्ती का करता? देवळे का पाडता? शेतीस व वाहतुकीस उपयोगी पडणारे बैल आणि घोडे का खाता? तुमचे व्यापारी आमची माणसे विकत घेऊन गुलाम म्हणून का नेतात? घोडे आम्ही खात नाही, गोमांस हवे तर सोडू, असे उत्तर गेले. गुलामगिरीच्या प्रश्नाला मात्र समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि ते देता येण्यासारखे नव्हतेच. पाठोपाठ मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम निघाला. तो लगेच कडकपणे अमलात आला नाही. पण तलवार म्यानातून निघाली ती निघालीच.

आता त्या काळच्या दोन पदार्थांकडे वळू. पहिला तेंपुरा. पिठात बुडवून तळलेली मासळी वा भाजी, म्हणजे आपल्या भज्यांची दूरची बहीण. या नावाची एक व्युत्पत्ती लॅटिन ‘क्वात्तुओर तेंपोरा’ या शब्दांपासून सांगतात. वर्षाच्या चार ऋतूंच्या आरंभी बुधवार, शुक्रवार व शनिवार असे तीन तीन दिवस मांसवर्ज्य उपवास पाळण्याची ख्रिस्तसभेची जुनी रीत होती. त्या दिवसांत पोर्तुगीज मंडळी मासळी व भाज्या तळून खात, आणि पाहणाऱ्यांनी दिवसांचे नाव पदार्थाला दिले, असे हे मत. दुसरे मत असे की मसाला लावणे या अर्थाच्या ‘तेंपेरो’ या पोर्तुगीज शब्दातून ते आले. पहिली कथा आपल्या कानाला अधिक सुखावते, म्हणूनच मी तिच्याकडे थोड्या संशयाने पाहतो. पोर्तुगालमध्ये पिठात तळलेल्या घेवड्याच्या शेंगांना आजही ‘परसातील छोटे मासे’ अशा अर्थाचे नाव आहे. उपवासाच्या दिवशी मासा नसला तरी माशाची आठवण काढणाऱ्या माणसाची विनोदबुद्धी त्यात दिसते. एवढे मात्र खरे की १९६९ च्या दिनदर्शिका-सुधारणेनंतर ते ऋतूंचे उपवास आपल्याकडे बहुतेक विस्मरणात गेले, आणि तेंपुरा जगभर गेला.

दुसरा पदार्थ कास्तेरा. ‘पांव दे कास्तेला’, कॅस्टिलचा पाव, हे त्याचे मूळ नाव मानतात. अंडी, साखर आणि गव्हाचे पीठ. लोणी नाही, दूध नाही. जपानमध्ये दुभत्याचा वापर नव्हता, म्हणून हा केक तेथे रुजू शकला. पुढे जपानी हातांनी त्यात तांदूळ वा रताळ्याच्या पिष्टापासून केलेला ‘मिझुआमे’ हा पाक घातला, त्यामुळे तो ओलसर झाला. भट्टी नव्हती, तेव्हा खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून तो भाजीत. गोव्याच्या बेबिंकाचा एकेक थर असाच वरच्या निखाऱ्यांवर भाजला जातो, आणि आपल्या गावांतही ओव्हन येण्यापूर्वी पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून नाताळचा केक करणाऱ्या स्त्रिया होत्या.

घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. अंडी व साखर कोमट पाण्यावर धरून, फेस दाट होऊन त्याची धार रिबिनीसारखी पडेपर्यंत फेटावी, कारण यात सोडा नाही की बेकिंग पावडर नाही. सारी फुगवण त्या फेसाची. पीठ पावासाठी वापरतात तसे थोडे चिवट असावे. मिझुआमेऐवजी मध चालतो. भाजून झाल्यावर लगेच कापण्याचा मोह आवरावा. गुंडाळून एक दिवस ठेवला की ओल सर्वत्र सारखी पसरते.

हा केक ज्या नागासाकीत वाढला, त्याच नागासाकीत वसईच्या सुपुत्राने प्राण दिला. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयातच ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. ज्याने त्या देशात अनेक वर्षे त्यांचे अन्न खाऊन, त्यांच्याशी सौदे करून काढली होती, तोच हिदेयोशीपुढे नीट बोलू शकत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले, त्यांत ते होते. या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन आणि तीन जपानी येशूसंघीय होते. उरलेले सतरा जपानी प्रापंचिक होते. त्यांपैकी योआकिम साकाकिबारा हे ओसाकाच्या फ्रान्सिस्कन मठातील आचारी. रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत एक स्वयंपाकी आहे, ही गोष्ट मी दरवर्षी सणाच्या जेवणाला राबणाऱ्या आमच्या मंडळींना आवर्जून सांगतो. यादीत मत्थिया नावाच्या एका माणसाचे नाव होते. तो हाक मारली तेव्हा हजर नव्हता, तेव्हा शेजारचा दुसराच मत्थिया ‘माझेही नाव मत्थिया’ म्हणून पुढे आला आणि त्याच्या जागी गेला. सर्वांचा डावा कान थोडा कापून, क्योटोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत त्यांना सुमारे महिनाभर चालवण्यात आले. हा वृत्तान्त लिहून पाठविणारे म्हणजे तेच फ्रॉइस, ज्यांनी कधीकाळी साखरेची बाटली नजर केली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नागासाकीतच ते वारले.

१६१४ साली तोकुगावा इएयासूच्या राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली. तळलेला मासा अधिक खाल्ल्याने १६१६ मध्ये हाच इएयासू आजारी पडून मेला, अशी कथा जपानी लोक आवडीने सांगतात. अभ्यासक मात्र पोटाच्या कर्करोगाकडे बोट दाखवितात. १० सप्टेंबर १६२२ रोजी त्याच निशिझाका टेकडीवर पंचावन्न ख्रिस्ती जनांना जाळून व शिरच्छेद करून मारले. आणि १६२४ साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, त्याच शहरात ‘फुकुसाया’ हे कास्तेराचे दुकान निघाले. ते आजही चालू आहे. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. दुसऱ्या वर्षी मकावहून विनवणीसाठी आलेल्या शिष्टमंडळातील एकसष्ट जणांची डोकी उडवली गेली. तेव्हाही कास्तेरा भाजला जात होता. साखर आता डच आणि चिनी जहाजांतून येई. ज्यांनी केक शिकवला त्यांना ठार करून केक ठेवून घेतला, असे रागाने म्हणता येईल. मीही तरुणपणी तसे म्हटले असते. आता वाटते, बंदीचा हुकूम काढणारा राजा भट्टीपाशी उभा नसतो. तेथे शेजारीण उभी असते, आणि तिला फक्त केक नीट फुगला की नाही याची चिंता असते.

असाच एक धागा सयामला जातो. अयुथ्या नगरीत मारिया गुयोमार दे पिन्हा नावाची एक कॅथोलिक स्त्री होती. छळामुळे देश सोडून आलेल्या जपानी ख्रिस्ती जनांचे रक्त तिच्यात होते, शिवाय पोर्तुगीज आणि बंगालीही. १६८२ साली तिचा विवाह राजा नाराय याचा प्रबळ मंत्री, ग्रीक वंशाचा कॉन्स्टन्टाइन फॉल्कन याच्याशी झाला. १६८८ मध्ये राज्यक्रांती झाली, फॉल्कनचा शिरच्छेद झाला, आणि मंत्र्याच्या या पत्नीला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दासी म्हणून राबावे लागले. पुढे ती त्याच मुदपाकखान्याची प्रमुख झाली. थायलंडमध्ये लग्नकार्यात मानाचे असलेले ‘फॉई थोंग’, म्हणजे पाकात सोडलेले अंड्याच्या बलकाचे सोनेरी तंतू, तिने रुजवले असे मानतात. हेच तंतू पोर्तुगालच्या मठांतून निघाले. तेथे अंड्याचे पांढरे कपड्यांना खळ देण्यासाठी आणि द्राक्षारस निवळण्यासाठी लागे आणि बलक उरत, असे सांगतात. जपानमध्येही याच मिठाईला ‘केइरान सोमेन’ म्हणतात. सगळे श्रेय एका मारियेला देणे मला थोडे अधिक वाटते. अयुथ्येत पोर्तुगीज वस्ती तिच्या जन्माच्या शतकभर आधीपासून होती आणि त्या वस्तीत चुली होत्या. तरीही पती, मान आणि घर गेल्यावर हातातल्या कसबावर उभी राहिलेली ही स्त्री आपल्या भगिनींना परिचयाची असावी असे मला वाटते.

आता छायाचित्रांचे. अन्नाचे चित्र काढणे हे खूळ असेल तर ते आपल्या पूर्वजांपासूनचे आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींत, संत कॅलिक्स्टस यांच्या नावाच्या कॅटाकोंबमध्ये, मासा आणि पावांची टोपली भिंतीवर रंगविलेली आहे. प्रिस्किल्लेच्या कॅटाकोंबमध्ये भाकर मोडण्याचे दृश्य आहे. छायाचित्रण जन्मले तेव्हा पहिल्या काही वर्षांतच कॅमेरा ताटाकडे वळला. इंग्रज संशोधक फॉक्स टॅलबट यांनी १८४४ ते १८४६ या काळात छायाचित्रांचे जे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले, त्यातील एक चित्र फळांच्या टोपल्यांचे आहे. जपानमध्ये कॅमेरा प्रथम उतरला तोही नागासाकीतच, १८४८ साली. तो आणणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा उएनो हिकोमा याने १८६२ मध्ये त्या शहरात छायाचित्रगृह उघडले. त्याच वर्षी ८ जून रोजी रोममध्ये पोप नववे पायस यांनी नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना संतपद जाहीर केले. आणि कॅमेरा बसविलेला मोबाइल फोन बाजारात आणण्याचा मानही जपानचाच, १९९९ सालचा.

मला स्वतःला छायाचित्रणाचा थोडा नाद आहे. तेव्हा तरुणांना एवढेच सुचवतो की फ्लॅश बंद करावा, ताट खिडकीपाशी न्यावे आणि प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा. अन्न त्यातच जिवंत दिसते. शिवाय तयार ताटाबरोबर ते करणाऱ्या हातांचेही चित्र घ्यावे. मिझुआमे मोजून घालणारी आमची एक मुलगी आपल्या आजीला इंद्यालच्या मसाल्याचे प्रमाण विचारीत होती. आजीने उत्तर दिले, ‘हाताला कळते.’ त्या हाताचा एकही फोटो त्या घरात नाही. कास्तेराचे चौदा आहेत.

नागासाकीची कथा येथे एका उपवासापाशी पोहोचते. परदेशीयांसाठी पुन्हा खुल्या झालेल्या त्या शहरात पॅरिस मिशनच्या धर्मगुरूंनी ओउरा येथे सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावाने मंदिर बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही जण तेथे आले. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या जवळ येऊन हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि सांता मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. अडीचशे वर्षे धर्मगुरूवाचून, मिस्सेवाचून, लपून राहिलेले हे ख्रिस्ती लोक. त्यांनीच पुढे विचारले, की सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, तुम्हीही तो पाळता का? पेतिजाँ म्हणाले, होय, आज त्याचा सतरावा दिवस. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली त्यांची दिनगणना टिकून राहिली होती. यानंतरही या गावकऱ्यांपैकी तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले गेले आणि १८७३ पर्यंत बंदी उठली नाही.

बंदी उठल्यावरही काहीजण ख्रिस्तसभेत परतले नाहीत. पूर्वजांनी जसे लपून पाळले तसेच आम्ही पाळू, असे ते म्हणाले. इकित्सुकी बेटावर अशी काही कुटुंबे राहिली. त्यांच्या प्रार्थनांना ‘ओराशो’ म्हणतात, लॅटिन ‘ओरातियो’वरून. सणाच्या दिवशी पुरुषमंडळी चटईवर बसून ओराशो म्हणतात, मग तांदळाची दारू एका प्याल्यातून क्रमाने फिरते, आणि सोबत ताज्या माशाचे काप असतात. द्राक्षारस मिळत नव्हता, गहू विरळा होता. बेटावर जे होते ते त्यांनी पुढे ठेवले. अलीकडच्या दशकांत ही कुटुंबे फार थोडी उरली, तेव्हा अभ्यासकांनी त्यांचे विधी ध्वनिमुद्रित केले आणि त्या जेवणाची छायाचित्रेही घेतली.